काचेवरच्या कुरडया

प्रिय अनया आणि अर्णव,

तुमचा कुरडयांचा डबा यंदा आला नाही. तो टपालात हरवलेला नाही. माझ्याच स्वयंपाकघरात फळीवर आहे, घासूनपुसून रिकामा. असं का झालं हे फोनवर सांगता येत नाही. आवाज तुटतो, आणि तुमची आई मध्येच "आई, थोडक्यात" म्हणते. ही गोष्ट थोडक्यात सांगण्यासारखी नाही, म्हणून लिहून पाठवते.

सुरुवात अनयाच्या प्रश्नाने झाली. तुमच्या छपरावरचे जुने सोलर पॅनेल काढले, हातमोजे घातलेली माणसं आली, त्यांनी ते घोंगड्यांत गुंडाळून गाडीत उभे रचले आणि तुमच्या बाबांची सही घेऊन नेले. व्हिडिओ कॉलवर ते दाखवून अनयाने विचारलं, "आजी, तुमच्याकडे जुने पॅनेल कुठे जातात?" माझ्या घरी ओला कचरा वेगळा, सुका वेगळा, संपलेले सेल काचेच्या बरणीत. आमच्या सोसायटीच्या गच्चीवरही सोलर आहे. पण ते म्हातारे झाले की कुठे जातात, हे मला ठाऊक नव्हतं. "शोधून सांगते," म्हणाले.

दर उन्हाळ्यात मी इनामगावला जातेच, कुसुमवन्संकडे. वन्सं म्हणजे तुमच्या आजोबांची थोरली बहीण. त्यांची सून रोहिणी तुमच्या कुरडया करते. रोहिणीची मुलगी प्राजक्ता मागच्या वर्षी वरवंडला दिली, तिला वाटेत भेटायचं होतं. म्हणून पुण्याहून शिरूरच्या सरळ रस्त्याऐवजी सोलापूर रस्त्याने निघाले. गाडीवर नेहमीचा संजय होता.

कासुर्डीच्या अलीकडे

पत्र्याच्या कुंपणाआड काहीतरी निळंकाळं लखलखलं. मी संजयला गाडी थांबवायला सांगितली.

"आजी, भंगाराचं दुकान आहे ते. तुम्हाला काय विकायचंय?"

"विकायचं नाही, बघायचंय."

आत सोलरच्या पॅनेलची माझ्या डोक्यापेक्षा उंच चळत होती. त्यांना इकडे सगळे 'प्लेटा' म्हणतात. तोंडाला गमछे बांधलेले दोघे जण काम करत होते. एकाने प्लेट उभी धरायची, दुसऱ्याने कोपऱ्यावर हातोडा घालायचा. अॅल्युमिनियमची चौकट सुटली की ती एका बाजूला अगदी नीट रचून ठेवायची. उरलेली काच, हजार तडे गेलेली पण मागच्या कागदाला चिकटलेली, ओल्या गोधडीसारखी लोंबायची. ती ओढत नेऊन मागच्या जुन्या दगडखाणीत ढकलून द्यायची. खाणीच्या कडेला वायरींचा ढीग जळत होता आणि तो काळा धूर थेट घशात उतरत होता. मी पदर नाकाला लावला. त्या दोघांच्या हातांवर जुन्या-नव्या कापल्याच्या रेघा होत्या.

"दस्ताने?" मी विचारलं.

"इस गरमी में कौन पहनेगा, माताजी?"

दुकानाचे मालक भरतशेठ खुर्ची घेऊन आले. "चॅनलवाल्या का तुम्ही?"

"नाही, मी आजी आहे."

"कुणाची?"

"अनयाची."

"मग बसा," ते म्हणाले आणि चहा सांगितला.

मी विचारलं, "ही काच पुढे कुठे जाते?"

"जाती कुठं? हितंच ऱ्हाती. चौकट आमची, तांबं आमचं, काच धरणीमायची."

मी निघण्यापूर्वी वाचून आले होते. अशा प्लेटा म्हणजे ई-कचरा. ज्याने बनवल्या त्याने परत घ्यायच्या, सांभाळून साठवायच्या, नोंदणी असलेल्या कारखान्याकडेच मोडायला द्यायच्या. नियम चांगला स्पष्ट लिहिलेला आहे. तो मी त्यांना सांगितला. त्यांनी मान डोलवत सगळा ऐकून घेतला.

"हाय की कायदा. मागं एक साहेब आलं व्हतं. म्हणलं, फोडू नका, नोंदणीवाल्याला द्या. म्या म्हणलं, द्या पत्ता, उद्या टेंपो भरतो. साहेब म्हणलं, बघून कळवतो. चहा पिऊन गेलं. अजून बघत्यात."

संजय हसला. मला हसू आलं नाही. वाटेत दर चार शेतांआड एक नवा सोलर पंप दिसत होता. आज ना उद्या ते सगळे ह्याच खाणीच्या वाटेला लागणार, हा हिशेब कुणाच्याच डोक्यात नव्हता.

"समद्या फोडत न्हाई आम्ही," भरतशेठ माझं तोंड बघून म्हणाले. "धड असत्यात त्या लोकं नेत्यात. कुणी शेळ्यांच्या छपराला, कुणी मोरीच्या आडोशाला, कुणी वाळवणाला."

शेवटचा शब्द मी ऐकला. पण धुराने डोळे चुरचुरत होते, आणि मला तिथून फक्त बाहेर पडायचं होतं.

वरवंड

प्राजक्ताच्या सासूबाई, सुमनताई, म्हणजे बोलणं आणि वाढणं एकाच वेळी करणाऱ्या. ताटात आमरस, पोळी, तळलेले सांडगे आणि फुलून पानभर झालेली कुरडई. आमरसाबरोबर कुरडई नसेल तर तुमचे आजोबा ताटावर बसायचे नाहीत, हे मी तुम्हाला सांगितलेलं आहेच. मी दोन खाल्ल्या.

प्राजक्ताला सातवा महिना लागला आहे. चेहरा छान भरलाय. भिंतीला टेकून ती न तळलेली, वाळकीच कुरडई चघळत होती.

"बघा मामी, हे डोहाळे!" सुमनताई म्हणाल्या. "लोकांच्या सुनांना चिंचा लागत्यात, हिला कच्ची कुरडई. आईनं धाडलेला डबा संपवत आणलाय. रात्रीची पण उशाशी घेऊन झोपती."

"आत्या, कायबी सांगू नका," प्राजक्ता लाजली, पण हातातली कुरडई काही सोडली नाही.

लेकीच्या सासरी लग्नानंतरच्या पहिल्या उन्हाळ्यात माहेरचा वाळवणाचा डबा जातो. कुरडया किती पांढऱ्या आणि तळल्यावर किती फुलतात, यावर अख्खी गल्ली माहेर जोखते. रोहिणीच्या कुरडया वरवंडात गाजल्या होत्या. निघताना सुमनताईंनी स्वतःच्या हातचे सांडगे माझ्या पिशवीत कोंबले. "तुमच्या परदेशातल्या नातवंडांना. माझे पण चाखू द्या की."

ओट्यावरून उतरून चपला घातल्या तर तळव्याला टोचलं. चपलेत एक काचेचा कण होता, साबुदाण्याएवढा, आणि त्याला केसासारखी चंदेरी रेघ चिकटलेली. भंगाराच्या दुकानातून आला असणार, असं मला वाटलं. अनयाला दाखवायला बरा, म्हणून रुमालाच्या टोकाला गाठ मारून ठेवला.

इनामगाव

चौफुल्याला मागे येऊन केडगाव, पारगाव करत भीमा ओलांडली, आणि न्हावऱ्याकडून इनामगावला पोचलो तेव्हा ऊन कलत होतं. वन्सं ओट्यावर लसूण निवडत होत्या.

"आलात वहिनी? मला वाटलं, औंदा पुण्यानं सोडलं न्हाई."

रोहिणीला मला घराच्या मागे न्यायची घाई होती. "मामी, आमच्या बचत गटाचं नवं वाळवण बघा. तुमच्या पुण्यात बी नसंल असलं."

मी बघितलं आणि जागीच उभी राहिले. खळ्यावर विटांच्या आधारावर सोलरच्या प्लेटा ओळीने आडव्या मांडल्या होत्या. स्वच्छ, तेलाचा हात फिरवलेल्या, आरशासारख्या.

"ह्यावर?" मी विचारलं. "कुरडया?"

"मग? बाजेवरच्या साडीवर दोन दिस लागायचे. साडीला चिकटायच्या, सोडवताना निम्म्या मोडायच्या. काचेवर दुपारी घातल्या की सांजच्याला टक्क सुटत्यात. धूळ न्हाई, धागा न्हाई. यंदा समद्या बायांनी साड्या सोडल्या. म्याच सोडायला लावल्या."

मागे गारपीट झाली, त्यात गावातल्या कितीतरी पंपांच्या प्लेटा गेल्या होत्या. कंपनीने नव्या बसवल्या. जुन्या तुमच्याकडेच ठेवा, आमची माणसं येऊन नेतील, असं सांगितलं. माणसं आली नाहीत. फोन आधी उचलायचे, मग लागेनासाच झाला. रोहिणीने वाट बघितली आणि मग बांधावर पडलेल्या प्लेटा गोळा करून आणल्या.

"ऊन फुकट जात व्हतं मामी," ती म्हणाली. "पंप न्हाई तर न्हाई, कुरडया तरी."

मला आधी भीती वाटली ती विजेची. त्यावर वन्सं म्हणाल्या, "हात वला असला की मुंग्या येत्यात खऱ्या. म्हणून बाया लाकडी पाटावर बसून घालत्यात. मेली म्हणून टाकलेली प्लेट, पण ऊन पडलं की उठती."

त्या सहज बोलल्या.

संध्याकाळी आम्ही घोड नदीच्या कडेला, जुन्या वस्तीच्या पांढरीपर्यंत, म्हणजे मातीच्या टेकाडापर्यंत, पाय मोकळे करायला गेलो. तिथे फार पूर्वी राहिलेल्या माणसांची मडकी उकरून निघाली आहेत. अजूनही पायाखाली खापराचा तुकडा लागतो. एक उचलून मी बोटाने चोळला तर माती सुटली. इतक्या काळात त्याने कुणाचं काही वाकडं केलं नव्हतं.

दुसरा दिवस

सकाळी गटातल्या बायका जमल्या. तीन दिवस भिजवलेला गहू वाटून, गाळून काढलेला सत्त्वाचा चीक मोठ्या पातेल्यात शिजत होता. दोघी जणी दोन बाजूंनी लाकडी दांडक्याने ढवळत होत्या. वाटीत गरम चीक, वर तूप आणि साखर. अर्णव, हे तू लहानपणी बोटाने चाटून खाल्लं आहेस. मग सोऱ्या घेऊन प्रत्येक जण आपापल्या पाटावर बसली आणि काचेवर पांढरी चक्रं पडू लागली.

"मामी, लांबून बघा," शोभा म्हणाली. ही गटातली सगळ्यात तिखट जिभेची. "तुम्हाला मुंग्या आल्या तर पुण्याला काय तोंड दाखवायचं आम्ही?"

ऊन असं होतं की दुपार कलता कलता पहिल्या ओळीतल्या कुरडया सुटायला लागल्या. एक मात्र सुटेना. रोहिणीने नखाने रेटून ती उचकटली. "हीच तळा," म्हणाली, "मोडकी हाय."

वन्संनी तळली. मी तुकडा तोंडात टाकला आणि दाताखाली कर्र वाजलं. कुरडईचा आवाज मला ठाऊक आहे. हा वेगळा होता. हातावर थुंकले. साबुदाण्याएवढा कण, त्याला केसासारखी चंदेरी रेघ.

"खडा असंल गव्हातला," रोहिणी चटकन म्हणाली.

मी रुमालाची गाठ सोडली आणि वरवंडचा कण त्याच्याशेजारी ठेवला. जुळी भावंडं असावीत तसे दोन्ही सारखे दिसत होते.

"पुण्यातनं येतानाच बांधून आणलाय जणू," शोभा म्हणाली.

वन्संनी कढई खाली उतरवली. "खडा कुठनं येईल गं? चीक आपण फडक्यातनं गाळतो. फडक्यातनं खडा जातोय व्हय?"

रोहिणी उठली आणि ओल्या फडक्याने ती कुरडई चिकटलेली प्लेट खसाखसा पुसू लागली. तेलाचा थर निघाला तसं खालचं दिसू लागलं. एका कोपऱ्यापासून दुसऱ्यापर्यंत कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक तडे. गारेचा मार. तेल आणि चिकाने ते बुजून गेले होते. तिने तळहात फिरवला, उन्हात धरला. तळहात चमकत होता, आणि त्यावर रक्ताची एक बारीक रेघ उमटली होती.

मग एक जण म्हणाली, "माझा डबा काष्टीला गेला." दुसरी म्हणाली, "माझा पाबळला. बारकी लेकरं हायेत तिथं." लेकींची गावं एकामागून एक निघू लागली.

"तूच म्हणलीस साड्या सोडा," शोभा रोहिणीला म्हणाली. "आम्ही सोडल्या. आता माझ्या लेकीला काय सांगू?"

रोहिणी माझ्याकडे बघत होती. मी आदल्या दिवशी कुणाकडे जेवले हे तिला ठाऊक होतं. मला आठवत होती ती भिंतीला टेकून कच्ची कुरडई चघळणारी प्राजक्ता. ते मी सांगितलं. सांगावंच लागलं.

"फोन लाव," वन्सं म्हणाल्या.

"आत्या, काय सांगू? लेकीच्या सासरी पहिला डबा धाडला आन् त्यात काच घातली?"

"व्हय. तसंच सांग."

फोन मीच लावला आणि आवाज मोठा करून तिच्यापुढे धरला. तिकडून सुमनताईंचा खणखणीत आवाज आला, "बोला ताई! मामी पोचल्या का नीट?"

"ताई, प्राजू कुठं हाय? तिला म्हणावं तोंडातली कुरडई थुकून टाक. आत्ता. डबा फेकून द्या. काचेचे कण हायेत त्यात. चूक माझी हाय, तिला काय बोलू नका."

सुमनताई आतल्या बाजूला ओरडल्या, "प्राजक्ता, टाक ते हातातलं!" आणि पुन्हा फोनवर आल्या तेव्हा अगदी हळू बोलल्या. "ताई, प्लेटांमुळं का?"

रोहिणी चमकली. "तुम्हाला काय ठाऊक प्लेटांचं?"

"आवो, चैत्रातल्या हळदीकुंकवाला आले व्हते तवा तुमचंच बघून गेले की. आम्ही पण चार आणल्या, कासुर्डीच्या भंगारवाल्याकडनं. माझे सांडगे त्याच्यावरच वाळवलेत. आमच्या आळीत आता समद्यांच्यातच प्लेटा हायेत."

खळ्यावरच्या सगळ्या जणींनी एकदम माझ्या पिशवीकडे बघितलं. तिच्यात तुमच्यासाठीचे सांडगे होते, सकाळीच मी ते सगळ्यांना दाखवले होते. माझ्या चपलेतला तो कण भंगाराच्या दुकानातला नसावाही. सुमनताईंच्या ओट्याखालीच त्याच्यावर माझा पाय पडला असेल. आणि त्यांच्या ताटातलं मी पोटभर खाऊन आले होते.

संध्याकाळच्या आत प्राजक्ताला दौंडला डॉक्टरकडे नेलं. "काच? कुरडईत?" डॉक्टरांनी दोनदा विचारलं म्हणे. तिच्या जिभेवर एक बारीक चरा निघाला, बाकी ती ठीक आहे, बाळाचे ठोके ठीक आहेत. प्लेटांच्या जोडणीत शिसं असतं, ते त्या कणांना चिकटलेलं असू शकतं, हे मी फोनवर सांगितलं. त्यावर त्यांनी रक्त पुण्याला तपासायला पाठवलं. तो अहवाल अजून यायचा आहे.

निघण्याचा दिवस

वाळलेल्या कुरडया कोंबड्यांना घालू, असं कुणीतरी सुचवलं. वन्संनी तिच्याकडे असं बघितलं की तो विषय तिथेच संपला. माझ्या पिशवीतल्या सांडग्यांसकट सगळ्या पोत्यांत भरून तोंडं शिवली. पण प्लेटांचं काय? रोहिणीने एका सरकारी कार्यालयाचा नंबर मिळवला. मी शेजारी बसले होते.

"ज्या कंपनीनं बनवल्या तिनं न्यायच्या असतात, मॅडम," पलीकडचे साहेब म्हणाले.

"कंपनीचा फोन लागत न्हाई."

"तोवर सुरक्षित ठिकाणी साठवून ठेवा."

"सुरक्षित म्हंजी कुठं, साहेब? खळ्यात लेकरं खेळत्यात. गोठ्यात जनावरं. घरात बाळंतपणाला लेक यायची हाय माझी."

"ते तुम्ही बघा."

"मग तुमच्या हापिसात आणून ठिवते. तिथं सुरक्षित असंल की?"

फोन कट झाला.

रोहिणी तशीच ग्रामपंचायतीत गेली. येत्या ग्रामसभेत तिने विषय घालायला लावला आहे. ज्याला गावात नवी प्लेट उतरवायची असेल त्याने आधी जुनी गाडीत चढवायची. नाहीतर नवीसुद्धा उतरणार नाही. काही शेतकरी आत्ताच कुरकुरत आहेत, त्यांचे पंप अडतील म्हणून. शोभा तिच्याशी अजून बोलत नाही, पण सह्या गोळा करायला तिच्याबरोबर दारोदार फिरते.

मी निघाले तेव्हा बायकांनी प्लेटा खळ्याच्या कोपऱ्यात पालथ्या रचल्या होत्या, ऊन पडून उठू नयेत म्हणून. त्यांच्यावर वाळवणाच्या जुन्या साड्या पांघरून दगड ठेवले होते. लाल काठाची, जांभळ्या काठाची, आमच्या वन्संच्या लग्नातली हिरवी. इतकी वर्षं त्यांच्यावर कुरडया वाळल्या होत्या.

परतताना कासुर्डीला मी पुन्हा गाडी थांबवली. हातोडे चालूच होते. भरतशेठना सगळं सांगितलं, प्राजक्ताचंही. त्यांचा चहाचा कप हातातच राहिला.

"आयला," ते म्हणाले. मग उठून त्यांनी त्या दोघांना हाक मारली, हातोडे थांबवले. "आजी, आता वाळवणाला एक बी देणार न्हाई. शब्द देतो. फोडायच्या बी न्हाईत म्हणता?"

"नाहीत."

"आन् ठेवायला जागा न्हाई." चळत त्यांच्यामागे उन्हात तळपत होती. त्यांनी माझ्यापुढे हात पसरला, मागायला नव्हे, खरंच विचारायला. "मग पत्ता आणलाय का तुम्ही?"

मी पिशवी चाचपली. तिच्यात चष्मा होता, पाण्याची बाटली होती, आणि रुमालात गाठ मारलेले दोन काचेचे कण.

अनया, तू मला तेच विचारलं होतंस. मी गाडीत येऊन बसले. आमच्या पाठीमागे थोडा वेळ काहीच ऐकू आलं नाही. मग हातोडे पुन्हा सुरू झाले.

तुमची,
आजी